महर्षी कर्वे यांची विद्यायात्रा

महर्षी धोंडो केशव कर्वे अर्थात् अण्णासाहेब यांचे नाव घेताच हिंगण्याची झोपडी डोळ्यांसमोर उभी राहते. १८९६ मध्ये त्यांनी स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम व विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी वेचलेले आयुष्य सर्वांस ज्ञात आहे. त्या मानाने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी आरंभिलेली विद्यायात्रा काहीशी उपेक्षित राहिली आहे.

या यात्रेचे बीज जपानमध्ये होते. टोकियो येथे १९०१ मध्ये जिंझो नारुसे यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णासाहेबांच्या वाचनात आली आणि १९१५ च्या मुंबईतील सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी ते साकार झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांचे दान देऊन आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव त्यास जोडले. तथापि मातृभाषेतून शिकवणाऱ्या या विद्यापीठाच्या पदव्यांना सरकारची मान्यता नव्हती. तेथे शिकलेल्या मुलीचे पुढे काय, ही पालकांची शंका रास्तच होती.

अशा स्थितीत मार्च १९२९ मध्ये अण्णासाहेब इंग्लंडला निघाले. माल्व्हर्न येथे प्राथमिक शिक्षकांची परिषद, लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये भारतीय स्त्रीशिक्षणावर भाषण, जुलैअखेर जिनिव्हा, ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षणवाद्यांचा मेळावा, असा क्रम होता. जिनिव्हा येथे त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा भारतीय प्रयोग विद्वानांपुढे ठेवला. पुढे काही महिने अमेरिकेत व्याख्याने झाली. चरित्रकार या सभांचीच नोंद अगत्याने करतात. परंतु यात्रेचा खरा कळस टोकियोची भेट हाच मानावा लागेल. ज्या संस्थेची केवळ पुस्तिका वाचून त्यांनी एवढा डोलारा उभारला, ती त्यांनी प्रथमच प्रत्यक्ष पाहिली. विशेष म्हणजे त्या संस्थेसही तोवर कायद्याने विद्यापीठाचा दर्जा नव्हता. तो १९४८ मध्ये लाभला. आपल्या महिला विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. गुरू व शिष्या, दोघींनाही मान्यतेवाचूनच दीर्घकाळ वाटचाल करावी लागली.

एप्रिल १९३० मध्ये स्वदेशी परतलेल्या अण्णासाहेबांनी त्याच डिसेंबरात पुन्हा समुद्र ओलांडला. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका व दक्षिण आफ्रिका, असा सुमारे पंधरा महिन्यांचा प्रवास त्यांनी आपल्या कार्याच्या प्रसारार्थ केला.

जिनिव्हा-टोकियो पाहून आलेला हा वृद्ध नंतर एखाद्या मोठ्या शहरी संस्थेच्या उभारणीत रमला असता, तर कोणासही नवल वाटले नसते. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि जेथे लोकल बोर्डाची शाळाच नव्हती, अशा खेड्यांत शाळा काढण्याचे काम हाती घेतले.