कर्नल सी. के. नायडू

स्वतः खेळून कीर्ति मिळविणारे पुष्कळ असतात. परंतु आपली विद्या पुढील पिढीच्या हातीं देणारे थोडेच. नागपूरचे सुपुत्र कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू हे अशा थोड्यांपैकीं एक होत.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरास झाला. येथील हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्यें त्यांचें शिक्षण झालें. १९२३ सालीं इंदूरच्या होळकर महाराजांनीं त्यांना आपल्या संस्थानांत बोलावून सैन्यांत अधिकारपद दिलें. १९२६ सालीं मुंबईस इंग्लंडच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षट्कार होते.

१९३२ सालीं लॉर्ड्स मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला. संघाचे नियोजित कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. त्यांनीं आपली जागा मोकळी केली, उपकर्णधारहि जायबंदी झाले, आणि नेतृत्वाचा भार नायडूंवर आला. त्यांची कडक शिस्त कांहीं सहकाऱ्यांना रुचत नसे. क्षेत्ररक्षण करतांना त्यांच्या हाताला इजा झाली. तरीहि पहिल्या डावांत संघांतील सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना १५८ धावांनीं गेला, पण कर्णधाराचें धैर्य गेलें नाहीं.

इंदुरास ते तरुण खेळाडूंचे गुरु झाले. तेथील मुश्ताक अली या मुलाचे गुण त्यांनीं हेरले व त्याला घडविलें. याच मुश्ताकनें १९३६ सालीं मँचेस्टर येथें शतक झळकावून परदेशांतील कसोटींत भारताचें पहिलें शतक नोंदविलें. चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडूहि नायडूंच्या हाताखालीं खेळले. होळकर संघानें त्यांच्या नेतृत्वाखालीं चार वेळां रणजी करंडक जिंकला.

ते शिष्यांकडून जें मागत, तें स्वतः करून दाखवीत. पन्नाशी उलटल्यावर मुंबईविरुद्ध खेळतांना दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दांत पडले. तरी मैदान न सोडतां ते खेळत राहिले. अशा गुरूची शिस्त जाचक वाटली, तरी तिचा अव्हेर कोण करील?

१९५६ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदूर येथें त्यांचें देहावसान झालें. आज त्यांच्या नांवाचा करंडक तरुण खेळाडूंसाठींच ठेवलेला आहे. त्यांचें याहून उचित स्मारक तें कोणतें?