पुण्यश्लोक अहल्याबाई होळकर यांचा कारभार

इ. स. १७२५ मध्ये चौंडी येथील माणकोजी शिंदे यांच्या घरी जन्मलेल्या अहल्याबाई बालवयातच होळकरांच्या घरी सून म्हणून आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. सासरे मल्हारराव यांनी सुनेस सती जाऊ दिले नाही; इतकेच नव्हे, तर स्वतः मोहिमेवर असता तोफखान्याची व कारभाराची कामे पत्रांवाटे तिच्यावर सोपविली. बाईंचे राजकीय शिक्षण झाले ते असे.

१७६६ मध्ये मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक मूल गादीवर बसवून सत्ता आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला व राघोबादादांनी त्यास पाठबळ दिले. पुत्रशोक ताजा असतानाच हा प्रसंग उभा राहिला. बाई खचल्या नाहीत, आणि संतापून घाईही त्यांनी केली नाही. फौज सिद्ध ठेवून त्यांनी इतर मराठे सरदारांचे साहाय्य मागितले आणि माधवराव पेशव्यांपुढे आपला हक्क मांडला. पेशव्यांनी तो मान्य केला, युद्ध टळले.

सैन्य त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिले, मुलूख व खजिना स्वतःकडे ठेविला. वयाने वडील असूनही तुकोजी त्यांस आई म्हणत. तथापि इंदूरच्या एका निपुत्रिक सावकाराच्या धनावर तुकोजींची दृष्टी गेली व त्याच्या विधवेने महेश्वरी दाद मागितली, तेव्हा बाईंनी तिला वस्त्रे देऊन गौरविले आणि तुकोजींस शहरापासून छावणी हलविण्याची आज्ञा केली. वाटमारी करणाऱ्या भिल्लांस आधी जरब बसविली; मग मालावरील भिलकवडी हा त्यांचा जुना हक्क मान्य करून वाटांचे रक्षण त्यांच्याच शिरावर टाकिले. केवळ शिक्षेने हे साधले नसते.

पहाटे पूजा व दानधर्म, दुपारी पडद्याविना दरबार, सायंकाळी पुन्हा उपासना आणि रात्री परत कागदपत्रे, हा क्रम सुमारे तीस वर्षे चालला.

या व्यवस्थेत एक उणेही होते. खजिना एका हाती व फौज दुसऱ्या हाती असल्याने पैशावरून तुकोजींशी वरचेवर खटके उडत, आणि १७९३ मध्ये लाखेरीस महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे होळकरांची फौज मोडली. त्यापूर्वी १७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई सती गेली; आईने पुष्कळ विनविले, पण तिने ऐकले नाही. तीन दिवस बाईंनी अन्न घेतले नाही. मग दरबार पूर्ववत भरू लागला, तो १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान होईपर्यंत.