सालिम अलींची वही आणि उंदरांचे औषध

आपल्या भाषेत विषाला औषध म्हणायची सोय आहे. मोहोर फुटला की आंब्याला औषध मारायचे, काजूवर ढेकण्या आला की काजूला मारायचे, माडावरची शहाळी उंदीर पोखरू लागले की माळ्यावर आणि मांगरात औषध ठेवायचे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही बाजारपेठेत जाऊन उंदरांचे औषध मागितले, तर उंदीर आजारी आहेत का असे कोणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता मालवणच्या आमच्या वाडीत मांगराच्या पायरीवर एक गव्हाणी घुबड मरून पडलेले सापडले. अंगावर जखम नव्हती. चोचीच्या कडेला थोडे रक्त सुकले होते. आठवडाभर आधी मांगरात निळ्या रंगाच्या औषधी वड्या ठेवल्या होत्या आणि त्या मीच आणल्या होत्या. घुबड दारात मेले म्हणजे अपशकुन, म्हणून गड्याने ते काठीवर उचलून व्हाळापलीकडे फेकले. विषय तिथेच संपला. कोणी त्याची तारीखसुद्धा लिहून ठेवली नाही. मीही नाही.

डॉ. सालिम अलींचे चरित्र पुन्हा चाळताना ते घुबड आठवत राहिले. कारण या माणसाच्या हातून पक्षी मेला तरी त्याची नोंद होत असे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत प्लेगने डोके वर काढले होते. मांडवीच्या गोदामांतून माणसांच्या आधी उंदीर मरत होते, पण मेलेला उंदीर ही एक खबर आहे, हे कळायला शहराला वेळ लागला. सालिम वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीतल्या अमिरुद्दीन तय्यबजी या मामांनी आणि हमीदा बेगम या मामींनी भाच्यांना वाढवले. मामा शिकारी होते. त्यांनी भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक दिली आणि मुलाने घराभोवतीच्या चिमण्या टिपायला सुरुवात केली.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तबेल्यातल्या भिंतीच्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत, नर बाहेर खुंटीवर राखणीला. सालिमने गाडीच्या आडून नर टिपला. थोड्या वेळाने त्याच खुंटीवर दुसरा नर हजर! तोही टिपला. आठवडाभरात असे आठ नर पडले आणि दर वेळी त्या मादीला नवा जोडीदार मिळत गेला. नऊ-दहा वर्षांच्या पोराने हे सगळे लिहून ठेवले. शिकारीच्या फुशारकीसाठी लिहिलेले ते टिपण पुढे चिमण्यांच्या वागणुकीची नोंद म्हणून छापले गेले.

पुढची गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. ही कोणती, म्हणून मामांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथले मानद सचिव मिलार्ड या गोऱ्या साहेबाने घाबरलेल्या पोराला कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पीतकंठी चिमणीने पोराला कायमचे धरले. मेलेला पक्षी फेकून न देता कोणाला तरी दाखवावा, ही साधी गोष्ट तिथे घडली होती.

त्यानंतरची वीस वर्षे मात्र सरळ गेली नाहीत. ब्रह्मदेशात तवॉयला कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात ते गेले. धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले आणि धंदा बुडाला. १९१८ मध्ये तेहमिनांशी लग्न झाले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात व्याख्यात्याची नोकरी मिळाली. तिथून रजा काढून ते बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी जागाच रद्द झालेली.

बेकार झालेला हा चौतिशीचा माणूस बायकोसह अलिबागजवळ किहीमला राहायला आला. आपल्या मालवणसारखाच किनारा, माड, चिंचा, विहिरी. तिथे सुगरणींची वसाहत होती. आडोसा उभारून त्यांनी महिनोन् महिने ती घरटी न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, मग नर ते पुरे करून शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. हे आपल्या पूर्वजांनी रोज डोळ्यांसमोर पाहिले असणार, पण बसून मोजले ते सालिम अलींनी. १९३१ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. नोकरी नव्हती, म्हणून त्यांनी संस्थानिकांना कळवले की खर्च द्या, पगार नको, तुमच्या राज्यातले पक्षी मी मोजून देतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी पायपीट सुरू झाली. तेहमिना बहुतेक मोहिमांत बरोबर असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनून त्या गेल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही.

तीसच्या दशकातच त्यांनी एक व्यावहारिक प्रश्न मांडला होता. पक्षी शेतकऱ्याच्या किती कामाचे? कोतवाल, वेडा राघू, गायबगळा, साळुंकी रोज किती किडे खातात, घुबड वर्षाला किती उंदीर खाते, याचा हिशेब आपल्या देशात व्हायला हवा. हा हिशेब कधी पुरा झाला नाही. तो होण्याआधीच डीडीटी आणि बीएचसीची पोती गावोगावी पोहोचली. ज्या कामगाराचा पगार कधी मोजला नाही, त्याला कामावरून काढताना कोणाला काही वाटले नाही.

आता भरतपूरकडे वळायला हवे, कारण सालिम अलींच्या आयुष्याचा आणि विषाचा सांधा तिथे जुळतो. राजस्थानातले हे पाणथळ रान म्हणजे तिथल्या महाराजांची बदकांच्या शिकारीची जागा. कुठल्या दिवशी कोणत्या पाहुण्याने किती पक्षी मारले हे तिथे दगडात कोरून ठेवले आहे. सर्वांत मोठा आकडा व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीचा, ४,२७३. तारीख १२ नोव्हेंबर १९३८, म्हणजे नेमका सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर तिथे पक्ष्यांचे रान टिकावे म्हणून त्यांनी वजन खर्च केले. सोसायटीच्या छावणीत हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली.

या कड्यांचे आपल्या जिल्ह्याशी नाते आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मेली आणि मागोमाग माणसे तापाने फणफणली. सैबेरियातून येणारे पक्षी गोचिडीतून हा विषाणू आणतात की काय, या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेने सालिम अलींच्या पक्षी-स्थलांतर अभ्यासाला पैसा दिला. पक्ष्यांवरचा आरोप टिकला नाही, पण अभ्यास झाला. तोच माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आला. तेव्हा तिथल्या लोकांना एक गोष्ट पाठ झाली की रानात माकड मेलेले दिसले तर हात न लावता आधी कळवायचे.

भरतपूर १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि गुरांना चराई बंद झाली. सालिम अलींचे मत बंदीच्याच बाजूचे होते. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यांच्याच सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास तेव्हा तिथे चालू होता. त्या अभ्यासाने दाखवले की म्हशी गेल्यावर पाण्यात गवत माजले आणि पक्ष्यांची पंचाईत झाली. थोर माणूस चुकला होता, आणि ते सिद्ध करणारी मोजणीची रीत त्यानेच घालून दिली होती.

२० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडलेले सालिम अली मुंबईत गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यांत, गव्हाच्या पेरणीच्या दिवसांत, भरतपूरला सारस मरू लागले. सारस म्हणजे माणसाएवढा उंच, जन्माची जोडी बांधणारा पक्षी. तीन हिवाळ्यांत डझनाहून अधिक सारस आणि कितीतरी होले मेलेले सापडले. बंदूक नाही, रोगाची साथ नाही. अभ्यासाचे लोक तिथे होतेच, त्यांनी प्रेते उचलली, शवविच्छेदन केले, मेंदूचे आणि यकृताचे नमुने तपासले. भोवतालचे शेतकरी वाळवी लागू नये म्हणून गव्हाच्या बियाण्याला अल्ड्रिन चोळत होते. ते दाणे पक्ष्यांनी वेचले. अल्ड्रिन अंगात गेले की त्याचे डिल्ड्रिन होते, चरबीत साठते, मज्जातंतू उद्दीपित करते आणि पक्षी आचके देत मरतो. सारसावर कोणीच नेम धरलेला नव्हता. लिनलिथगो साहेबांचा आकडा निदान दगडावर आहे. हे मृत्यू, तिथे मोजणारे नसते, तर कुठेच लागले नसते.

१९९० मध्ये कोइमतूरजवळ सालिम अलींच्या नावाने पक्षिविज्ञानाचे केंद्र उभे राहिले आणि मेलेल्या पक्ष्यांच्या अंगातले विष तपासणे हे त्याचे एक मोठे काम झाले. भरतपूरच्याच मोजणीतून गिधाडे नाहीशी होत असल्याचे नव्वदच्या दशकात ध्यानात आले. तिथे तर विष खरोखरच औषध निघाले. गुरांना सूज-वेदनेवर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करत होते. हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

आमच्या मांगरातल्या घुबडाचे काय झाले असावे, हे मला नंतर एका पशुवैद्यांनी समजावले. त्या निळ्या वड्यांत बहुधा ब्रोमॅडिओलोन असते. ते यकृतात के जीवनसत्त्वाचे चक्र अडवते, रक्त गोठणे थांबते. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो. घुबडाला आणि मांजराला याहून सोपी शिकार कुठली मिळणार? असे दोन-चार उंदीर खाल्ले की विष त्यांच्या यकृतात साठते. काळ्या पुडीतले झिंक फॉस्फाईड याउलट घाईचे. पोटातल्या आम्लाशी गाठ पडताच त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. सुक्या जवळ्यात कालवून ठेवलेले हे आमिष कुत्र्याला आधी सापडते. फवारणीच्या बऱ्याच औषधांचा मारा आणखी वेगळा असतो. जनावराच्या तोंडाला लाळ सुटते, अंग थरथरते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. तिथे डॉक्टर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात.

म्हणून त्यांचे सांगणे एवढेच, की कुत्रे, मांजर वा वासरू विषावर गेल्याचा संशय आला तर दूध-तेल पाजण्यात वेळ घालवू नये. औषधाची पुडी किंवा डबा तसाच घेऊन दवाखाना गाठावा. वडीचे विष असेल तर लक्षणे दिसायला दिवस लागतात आणि के-१ जीवनसत्त्वाने जनावर वाचू शकते, पण ते आठवडे देत राहावे लागते. कुत्र्याने झिंक फॉस्फाईड ओकले तर खिडक्या उघडाव्यात, तो वायू माणसालाही बाधतो. मेलेला उंदीर व्हाळात वा उकिरड्यावर न टाकता खोल पुरावा.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी झाडे शोधून मोजली आहेत. उद्या ती कमी झाली तर निदान कळेल तरी. माडाबागेतल्या घुबडांची अशी यादी माझ्या पाहण्यात नाही.

आम्ही आता माडांच्या खोडांना पत्र्याचे पट्टे ठोकले आहेत, उंदीर त्यावरून घसरतो. मांगरात पिंजरा असतो, त्यात रात्रीआड एखादा सापडतो. दाराच्या मागे एक वही टांगली आहे. गेल्या दिवाळीपासून तिच्यात एक साप, दोन मुंगूस आणि आढ्यावर राहायला आलेली पिंगळ्याची एक जोडी अशा नोंदी झाल्या. गव्हाणी घुबड अजून आलेले नाही.