नकार पचवलेला संत : गोन्सालो गार्सिया



दहावी-बारावीचे निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत चौकाचौकांत फलक झळकू लागतात. गुणवंत मुलांचे फोटो, खाली टक्केवारी आणि त्याखाली क्लासचे नाव. स्टेशनबाहेर पुस्तके विकणाऱ्यांकडे यशस्वी उद्योगपतींची चरित्रे रचून ठेवलेली असतात. आपली मुले ती वाचतात आणि ते चांगलेच आहे. मोठ्या माणसांच्या आयुष्यातून शिकावे, म्हणून तर ख्रिस्तसभाही वर्षभर संतांचे सण साजरे करते.

पण या पुस्तकांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच वाटेने जातात. माणूस गरीब होता, त्याने कष्ट केले, तो श्रीमंत झाला आणि गोष्ट संपली. ज्याला हवे ते मिळाले नाही, त्याने काय करायचे? ज्या मुलाचे नाव प्रवेशाच्या यादीत लागले नाही, ज्या बापाच्या कंपनीला पन्नाशीत टाळे लागले, ज्या मुलीची निवड शेवटच्या मुलाखतीत हुकली, त्यांच्यासाठी त्या पुस्तकांत फारसे काही नसते. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे अशा एका माणसाचे चरित्र ठेवत आहोत, ज्याच्या मनातली सर्वांत मोठी इच्छा नाकारली गेली. नंतर त्याला भरपूर यश मिळाले आणि तेही त्याने आपण होऊन बाजूला ठेवले. हा माणूस आपल्या शेजारच्या वसईचा. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून साऱ्या जगातील ख्रिस्तसभा ज्यांना मान देते, ते संत गोन्सालो गार्सिया.

गोन्सालो यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. 1534 पासून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. किल्ल्यात जेज्वीट आणि फ्रान्सिस्कन या दोन्ही संघांची घरे होती. आज पडक्या भिंती उरल्या आहेत, तिथे त्या काळी घंटा वाजत, शाळा भरत, बंदरात गलबते लागत. छोटा गोन्सालो जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला. त्याला प्रार्थनेची गोडी लागली ती त्यांच्यामुळे आणि दूरदेशी जाऊन प्रभूचे शुभवर्तमान सांगावे ही ओढही त्यांनीच लावली. आपणही त्यांच्यासारखे जेज्वीट व्हावे, हे त्याने मनाशी पक्के केले.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो जेज्वीट मिशनऱ्यांबरोबर जपानला गेला. संत फ्रान्सिस झेवियर यांनी 1549 मध्ये तिथे पाऊल ठेवले होते आणि त्यानंतर तिथली ख्रिस्तसभा वेगाने वाढत होती. वसईच्या या मुलाने जपानी भाषा मन लावून आत्मसात केली. लोक बोलतात तशी ती बोलू लागला. धर्मशिक्षक म्हणून काही वर्षे त्याने मिशनऱ्यांना साथ दिली. लहान मुलांना शिकवणे, बाप्तिस्म्याची तयारी करून घेणे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांना समजावून सांगणे, अशी ही सेवा. लोकांचा तो लाडका झाला.

आता आपल्याला संघात घेतील, अशी आशा त्याने धरली. ती पुरी झाली नाही. त्याला जेज्वीट संघात प्रवेश मिळाला नाही.

बंधुभगिनींनो, इथे क्षणभर थांबू या. घर सोडले, समुद्र ओलांडला, परकी भाषा शिकला, ऐन तारुण्याची वर्षे सेवेत घातली आणि ज्या दारासाठी हे सारे केले ते दार बंदच राहिले. त्या दिवसांत गोन्सालो यांच्या मनात काय चालले असेल, हे आपल्यापैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर स्वतःला नालायक ठरवतो, नाही तर नकार देणाऱ्याला जन्मभर शिव्या देतो. काही जण त्या रागात देवळाची पायरीही सोडतात. गोन्सालो यांनी यातले काहीच केले नाही. मिशनऱ्यांचा निरोप घेऊन त्यांनी व्यापार सुरू केला.

व्यापारात त्यांचा जम लवकर बसला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, शब्दाला किंमत होती. धंदा वाढला, निरनिराळ्या ठिकाणी शाखा निघाल्या. आपल्या उल्हासनगरला ही गोष्ट नवीन नाही. 1947 च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत रिकाम्या हातांनी उतरली, 1949 मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि त्याच माणसांनी शून्यातून बाजारपेठ उभी केली. परक्या ठिकाणी पाय रोवायला काय लागते, हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. गोन्सालो यांची गोष्ट इथे संपली असती, तरी ती स्टेशनबाहेरच्या पुस्तकात शोभली असती.

पण ती इथे संपली नाही. व्यापारानिमित्त त्यांचे फिलिपाइन्समधील मनिला शहरात जाणे-येणे होई. तिथे त्यांची फ्रान्सिस्कन संघाशी ओळख झाली. असिसीच्या संत फ्रान्सिसचे हे अनुयायी साधे राहत, गरिबांत वावरत, आजाऱ्यांची शुश्रूषा करत. मनात विझली नव्हती ती जुनी इच्छा पुन्हा पेटली. अखेर त्यांनी धंदा आवरला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधू म्हणून. मिस्सा अर्पण करण्याचा, पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नाही. वाट्याला येईल ते काम करायचे. ज्याच्या शब्दावर कालपर्यंत व्यवहार होत होते, तो आता वरिष्ठांच्या आज्ञेत राहू लागला.

प्रभू येशूने मोत्यांच्या व्यापाऱ्याचा दाखला सांगितला आहे. तो आपण मत्तयच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात वाचतो. त्या व्यापाऱ्याला एक अतिमोलवान मोती सापडतो आणि तो जवळचे सारे विकून तो मोती घेतो. हा दाखला आपण कितीतरी वेळा ऐकला आहे. वसईच्या या व्यापाऱ्याने तो जगून दाखवला.

पुढे 1593 मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता. त्यांना जपानी भाषा जाणणारा माणूस हवा होता. तो त्यांच्या संघातच होता. जेज्वीट मिशनऱ्यांबरोबर घालवलेली ती वर्षे, जी वाया गेली असे कुणालाही वाटले असते, ती आता कामी आली. हिदेयोशींसमोर गोन्सालो दुभाषा म्हणून उभे राहिले. या कामात आपले शब्द बाजूला ठेवून दुसऱ्याचे म्हणणे प्रामाणिकपणे पोचवायचे असते. ते त्यांनी चोख केले. फ्रान्सिस्कनांना क्योटो शहरात राहण्यास जागा मिळाली. तिथे त्यांनी चर्च बांधले आणि गोरगरिबांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू केले. ज्यांना कुणी शिवत नसे, त्यांच्या जखमा तिथे धुतल्या जात.

मात्र दिवस अवघड होते. 1587 मध्येच हिदेयोशींनी मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, फक्त त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. स्पेन आणि पोर्तुगाल यांची व्यापारातली चढाओढही होतीच. 1596 च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. त्या प्रकरणात हिदेयोशींच्या मनात संशय बळावला की मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचे सैन्य येणार. राजकारण मोठ्यांचे, पण शिक्षा झाली ती रुग्णांची सेवा करणाऱ्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या जपानी श्रद्धावंतांना.

डिसेंबर 1596 मध्ये गोन्सालो आणि त्यांचे साथी पकडले गेले. जानेवारीत क्योटो शहरात त्यांच्या डाव्या कानांच्या पाळ्या कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेज्वीट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. त्यांत एक सुतार होता, धनुष्य बनवणारा होता आणि तीन मुलेही होती. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकून ठार करण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

त्या टेकडीवरच्या रांगेकडे पुन्हा एकदा पाहू या. तिथे पॉल मिकी आणि आणखी दोन जेज्वीट क्रुसावर होते. ज्या संघाने गोन्सालो यांना प्रवेश दिला नव्हता, त्याच संघाचे हे तिघे आणि गोन्सालो एकाच रांगेत, एकाच प्रभूसाठी मरण पावले. झगा कोणता, संघ कोणता, नाव कुठल्या यादीत लागले आणि कुठल्या नाही, हे सारे प्रश्न त्या टेकडीवर मागे पडले. पोप आठवे अर्बन यांनी 1627 मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. निशिझाका टेकडीवर 1962 पासून त्यांचे स्मारक उभे आहे. सव्वीस मूर्ती एका रांगेत आहेत आणि त्यांत एक आपल्या वसईचा आहे.

या जीवनातून आम्हांला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट नकाराविषयी. एक दार बंद झाले म्हणजे देवाने आपल्याला टाकले असे नव्हे. गोन्सालो यांना संघाने नाकारले, पण त्यांनी प्रभूला सोडले नाही आणि ख्रिस्तसभेवर रागही धरला नाही. ज्या घरात आज एखादे मूल निकालामुळे खोलीचे दार लावून बसले आहे, त्या घरातील आईवडिलांनी त्याला शेजारच्या मुलाची टक्केवारी सांगू नये. ही गोष्ट सांगावी आणि त्याच्याजवळ बसावे.

दुसरी गोष्ट शिकण्याविषयी. मनापासून शिकलेले वाया जात नाही. जपानी भाषा गोन्सालो यांना आधी धर्मशिक्षणात, नंतर धंद्यात आणि शेवटी देवाच्या कामात उपयोगी पडली. ती शिकताना त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. आपल्यापैकी कुणी कारखान्यात यंत्रावरचे काम शिकला असेल, कुणी शिवणकाम, कुणी हिशेब. नोकरी जाते, हातातली विद्या जात नाही. ती कुठे कामी येईल, हे प्रभूच्या हाती आहे.

तिसरी गोष्ट यशाविषयी आणि ती सर्वांत अवघड. धंदा करणे, पैसा मिळवणे यात पाप नाही. गोन्सालो यांनीही धंदा केला. पण तो सोडायची वेळ आली तेव्हा त्यांची मूठ उघडली. आपल्या सर्वांना काही मठात जायचे नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या माणसावर घराची जबाबदारी असते. तरीही रविवारची मिस्सा, आजारी शेजाऱ्याची विचारपूस, विन्सेंट द पॉल संस्थेच्या पेटीत टाकलेली रक्कम, जास्तीच्या कमाईसाठी न केलेली लबाडी, यांतून आपली मूठ उघडते की नाही, हे दिसते. यश किती मिळाले याबरोबरच ते मिळाल्यावर आपण कसे झालो, हेही प्रभू विचारणार आहे.

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन एकदा वसईला जरूर जा. दिव्याहून वसई रोडची गाडी मिळते. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये उभे राहून मुलांना सांगा की इथल्याच एका मुलाला नकार मिळाला होता. 6 फेब्रुवारीला पॉल मिकी आणि साथीदार हुतात्म्यांचा स्मरणदिन येतो, तेव्हा त्यांच्यात गोन्सालो यांचीही आठवण करा. आणि या आठवड्यात कुटुंबाच्या रोझरीत एक दशक अशा सर्वांसाठी म्हणा, ज्यांना यंदा कुठून तरी नकार आला आहे.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.