बहिणीचे डोळे : लॉरा इंगल्स वाइल्डर

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील विस्कॉन्सिन राज्यात पेपिन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाजवळच्या रानात, ओंडक्यांनी बांधलेल्या घरात, ७ फेब्रुवारी १८६७ रोजी लॉरा इंगल्स हिचा जन्म झाला. वडील चार्ल्स शेती करीत, शिकार करीत, सुतारकाम करीत आणि रात्री फिडल वाजवीत. आई कॅरोलाइन लग्नापूर्वी शिक्षिका होती. मेरी थोरली, लॉरा दुसरी आणि तिच्या पाठीवर कॅरी व ग्रेस अशा चार बहिणी. फ्रेडी हा एकुलता एक भाऊ नऊ महिन्यांचा होऊन १८७६ साली वारला.

चार्ल्स यांना एका जागी करमत नसे. पश्चिमेकडे चांगली जमीन मिळते असे कानी आले की गाडीवर कापडी छत चढे आणि कॅरोलाइनला पुन्हा चूल हलवावी लागे. १८६९ साली हे कुटुंब कॅन्ससमध्ये गेले व तेथे घर बांधून राहिले. परंतु ती भूमी ओसेज या मूळच्या लोकांची होती. १८७१ मध्ये ते घर सोडावे लागले. पुढे मिनेसोटात ओढ्याच्या काठात कोरलेल्या मातीच्या घरात त्यांनी संसार मांडला. तेथे गव्हाचे उभे पीक टोळधाडीने खाऊन टाकले. मग आयोवात जाऊन एका हॉटेलात कामे करावी लागली. लहानगी लॉराही तेथे भांडी घाशी, पानावर वाढी.

मिनेसोटात परतल्यावर १८७९ साली घरावर मोठे संकट कोसळले. चौदा वर्षांची मेरी आजारी पडली आणि तिची दृष्टी कायमची गेली. मेरीचे डोळे तू हो, असे वडिलांनी सांगितल्याचे लॉराने पुढे लिहिले आहे. त्या दिवसापासून आकाशाचा रंग, येणाऱ्याजाणाऱ्याचा पोशाख, गवतावरून धावणारा वारा, जे जे दिसे ते ते शब्दांत सांगण्याचा तिचा नेम झाला. मेरी चिकित्सक होती. उगाच फुगवून सांगितलेले तिला खपत नसे. लॉराच्या लेखनाची खरी शाळा हीच म्हणावी लागेल.

त्याच वर्षी कुटुंब डकोटात गेले आणि दे स्मेट या नव्या गावात स्थिरावले. १८८०-८१ च्या हिवाळ्यात हिमवादळांमागून हिमवादळे आली. आगगाड्या बंद पडल्या, दुकानांतील धान्य संपले. कॉफी दळण्याच्या लहानशा गिरणीत आळीपाळीने गहू दळायचा, वाळल्या गवताचे पीळ घालून ते जळणाला वापरायचे, असे ते दिवस काढले. १८८१ साली मेरी आयोवातील अंधांच्या विद्यालयात गेली. घरखर्चाला हातभार म्हणून लॉरा १८८२ च्या अखेरीस, सोळा वर्षेही पुरी झालेली नसताना, मुलांना शिकवू लागली.

२५ ऑगस्ट १८८५ रोजी अल्मान्झो वाइल्डर या शेतकऱ्याशी तिचा विवाह झाला. पतीच्या आज्ञेत राहीन, अशी शपथ घेण्यास आपण आधीच नकार दिला होता, असे लॉराबाईंनी लिहिले आहे. १८८६ मध्ये कन्या रोझ जन्मली. नंतर संकटे एकामागून एक आली. १८८८ साली दोघांनाही घटसर्प झाला व अल्मान्झो यांच्या पायांत कायमचा अधूपणा आला. पुढल्या वर्षी तान्हा मुलगा गेला आणि त्याच महिन्यात राहते घर जळाले. दुष्काळाने शेती बुडाली आणि कर्ज तेवढे उरले.

१८९४ साली हे तिघे घोड्यांच्या गाडीतून मिसुरी राज्यातील मॅन्सफील्ड येथे आले. लॉराबाईंनी शिवणकामातून साठविलेली शंभर डॉलरची नोट लिहिण्याच्या पेटीत ठेवली होती. ऐन जमीन घेण्याच्या वेळी ती सापडेना. काही दिवसांनी पेटीच्याच फटीत मिळाली, अशी आठवण रोझने सांगितली आहे. त्या पैशावर ४० एकरांची खडकाळ जमीन मिळाली. सफरचंदाची झाडे लावली, कोंबड्या पाळल्या, गावात बिऱ्हाड असताना लोकांना जेवणे घातली, आणि बेताबेताने १९१३ पर्यंत मोठे घर पुरे केले.

कोंबड्या पाळण्यात लॉराबाईंचा हात धरणारे थोडेच. त्यांनी त्या विषयावर लिहिलेले भाषण एका संपादकांना आवडले आणि १९११ पासून ‘मिसुरी रुरलिस्ट’ या शेतकऱ्यांच्या पत्रात त्या लिहू लागल्या. शेतकरी बाईच्या श्रमांना पैशाचे मोल आहे, हा त्यांचा आवडता विषय. शेजारच्या स्त्रीमंडळांत त्या हौसेने भाग घेत. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या स्थानिक संस्थेच्या चिटणीस व खजिनदार म्हणून त्यांनी कित्येक वर्षे चोख हिशेब ठेवला.

आई १९२४ साली वारली, मेरी १९२८ मध्ये. १९२९ च्या आर्थिक पडझडीत साठविलेला पैसाही बुडाला. तेव्हा लॉराबाईंनी शाळकरी वह्यांत पेन्सिलीने आपल्या आयुष्याची हकीकत लिहून काढली. ती कोणी छापीना. रोझ एव्हाना नावाजलेली लेखिका झाली होती; तिने हस्तलिखितावर हात फिरविला आणि १९३२ साली पहिले पुस्तक निघाले. लॉराबाईंचे वय तेव्हा ६५ होते! १९४३ पर्यंत आठ पुस्तके झाली. मायलेकींत शब्दाशब्दावरून वाद होत. पुस्तकांत कोणाचा वाटा किती, याची चर्चा अभ्यासक आजही करतात. दोघींवाचून ती झाली नसती एवढे खरे.

त्या पुस्तकांत सारेच आलेले नाही. धाकट्या भावाचा मृत्यू नाही, हॉटेलातील कष्टाचे दिवस नाहीत. मूळच्या रहिवाशांविषयी काही ठिकाणी असे लिहिले आहे की त्या लोकांच्या मुलांनी ते वाचले तर त्यांची मने दुखावतील. त्यांच्या नावाने १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या बालवाङ्मयाच्या पुरस्काराचे नाव याच कारणाने २०१८ साली बदलण्यात आले. बहिणीसाठी इतक्या बारकाईने पाहणाऱ्या डोळ्यांनाही, आपले घर ज्यांच्या जमिनीवर उभे राहिले त्यांचे दुःख पुरते दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे.

अल्मान्झो १९४९ साली वारले. लॉराबाईंनी १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असता, त्याच घरात देह ठेवला. दळण, जळण, भांडी, कोंबड्या आणि आजारपणे यांतच त्यांचे बहुतेक आयुष्य गेले. या गोष्टी लिहिण्याजोग्या असतात, हे त्यांना साठीनंतर उमगले. आपल्या घरांतूनही पुष्कळ आज्या व काकू असे कितीतरी सांगत असतात. त्यांच्याजवळ वही घेऊन बसणारी एखादी लेक किंवा सून प्रत्येक घरी निघो.