रहस्यकथाकार एडगर वॉलेस

सुट्टीच्या दिवसांत मुलांच्या हातीं रहस्यकथा दिसल्या कीं पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या अगदींच अकारण असतात असें आमच्यानें म्हणवत नाहीं. तथापि या प्रकारच्या वाङ्मयाचा जो एके काळीं इंग्लंडांत अनभिषिक्त राजा गणला जात होता, त्याचें स्वतःचें आयुष्य त्याच्या कोणत्याहि कादंबरीपेक्षां अधिक वाचनीय आहे. तो लेखक एडगर वॉलेस होय. १७० हून अधिक कादंबऱ्या, सुमारें साडेनऊशें लघुकथा व १८ नाटकें एवढें त्याचें लेखन. बायबल वगळलें तर इंग्लंडांत छापल्या जाणाऱ्या दर चार पुस्तकांतील एक वॉलेसचें असतें, असा दावा त्याचे प्रकाशक करीत. प्रकाशकांचें गणित नेहमीं थोडें सैल असतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

एडगरचा जन्म लंडनच्या ग्रीनिच भागांत १ एप्रिल १८७५ रोजीं झाला. आई मेरी जेन रिचर्ड्स ही फिरत्या नाटकमंडळींतील नटी. पिताहि त्याच धंद्यांतील, पण त्या उभयतांचा विवाह झालेला नव्हता. पोट भरण्यासाठीं तिला रंगभूमीवर परत जाणें भाग होतें. म्हणून काहीं दिवसांचें तें अर्भक तिनें बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारांतील हमाल जॉर्ज फ्रीमन याच्या घरीं ठेविलें व दर आठवड्यास थोडे शिलिंग देण्याचें कबूल केलें. फ्रीमनच्या घरीं आधींच दहा मुलें होतीं. पुढें नटीला तेवढे शिलिंगहि देणें जमेना, तेव्हां मुलाला निराधारांच्या आश्रमांत धाडण्याचा प्रसंग आला. परंतु फ्रीमन दांपत्यानें त्याला आपल्यापासून दूर जाऊं दिलें नाहीं. दहांच्या ताटांतील घांस अकरांत वांटला गेला.

बाराव्या वर्षींच त्याची शाळा सुटली. लडगेट सर्कसच्या नाक्यावर वर्तमानपत्रें विकणें, छापखान्यांतील हरकामें, जोड्यांचें दुकान, रबराचा कारखाना, मासेमारीचें जहाज, घरोघर दूध पोंचविणें, असे नाना उद्योग त्यानें केले. एकांतहि तो टिकला नाहीं. अखेर तो पायदळांत शिरला व १८९६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत गेला. तेथें सैन्याच्या वैद्यकीय खात्यांत काम करीत असतां सायमन्स टाउन येथें वेस्लियन मिशनचे रेव्हरंड विल्यम कॅल्डेकॉट यांच्या घरीं त्याचा प्रवेश झाला. मिसेस कॅल्डेकॉट यांना वाङ्मयाची मोठी आवड होती. अर्धवट शिकलेल्या या शिपायाला त्यांनीं पुस्तकें दिलीं व लिहिण्यास उत्तेजन दिलें. १८९८ सालीं त्याच्या कवितांचें पहिलें पुस्तक निघालें. त्याच घरची कन्या आयव्ही हिच्याशीं १९०१ सालीं त्यानें विवाह केला. रेव्हरंड साहेबांचा या विवाहास सक्त विरोध होता, आणि पुढील इतिहास पाहतां त्यांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं.

१८९९ सालीं पैसे भरून त्यानें सैन्यांतून आपली सुटका करून घेतली व बोअर युद्धांत तो वर्तमानपत्रांचा बातमीदार झाला. १९०२ सालीं तहाच्या वाटाघाटी चालू असतां छावणींत बातमीदारांना मज्जाव होता. वॉलेसनें छावणीवरील पहाऱ्यांतील एका मित्राला निरनिराळ्या रंगांचे रुमाल देऊन ठेविले. आगगाडी छावणीजवळून जाई तेव्हां मित्र रुमाल बाहेर काढी आणि गाडींतील वॉलेस तो रंग पाहून वाटाघाट कोठवर आली तें ओळखी. तह झाल्याची बातमी अधिकृत घोषणेपूर्वीं लंडनच्या डेली मेल पत्रांत झळकली. लॉर्ड किचनर यांनीं संतापून त्याला युद्धवार्ताहर म्हणून वावरण्यास बंदी केली.

१९०३ सालीं तो इंग्लंडांत परतला तो डोक्यावर कर्ज घेऊनच. त्याची तान्ही मुलगी आफ्रिकेंतच वारली होती. याच सुमारास एक वृद्ध, आजारी बाई मदतीच्या आशेनें त्याच्याकडे आली. ती त्याची जन्मदात्री होती. त्यानें तिला कठोरपणें परत लाविलें आणि त्याच वर्षीं ब्रॅडफर्डच्या रुग्णालयांत तिचा अंत झाला. पुढें ओळखीच्या व अनोळखी माणसांवर मुक्त हस्तानें पैसा उधळणारा हा मनुष्य त्या एका दिवशीं असा कां वागला, हें कोडें त्याच्या सर्व रहस्यकथांहून अवघड आहे.

‘द फोर जस्ट मेन’ ही त्याची पहिली गाजलेली कादंबरी १९०५ सालीं त्यानें स्वतःच प्रसिद्ध केली. बंद खोलींत मंत्र्याचा वध कसा झाला तें वाचकांनीं ओळखावें, त्याबद्दल एकंदर ५०० पौंडांचीं बक्षिसें, अशी जाहिरात मोठ्या थाटानें लागली. मात्र विजेत्यांची संख्या मर्यादित ठेवणारें कलम घालण्यास वॉलेस विसरला! बिनचूक उत्तर धाडणारा प्रत्येक जण बक्षिसाचा हक्कदार ठरला. पुस्तक हातोहात खपलें आणि लेखक कर्जांत बुडाला. डेली मेलचे मालक हार्म्सवर्थ यांच्याकडून उसने पैसे घेऊन त्याला अब्रू राखावी लागली. पण बातम्यांतील चुकांमुळें पत्रावर अब्रूनुकसानीचे दावे आले, तेव्हां ती नोकरीहि गेली.

१९०७ सालीं बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या राजवटींतील जुलुमांची पाहणी करण्यास तो कांगोंत गेला होता. त्या अनुभवांतून ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ हें १९११ चें पुस्तक निघालें. गोष्टी चटकदार आहेत. मात्र त्यांत गोरा अधिकारी तेवढा शहाणा आणि आफ्रिकन लोक म्हणजे धाकांत ठेवण्याजोगीं मुलें, असा सूर आहे. जुलूम पाहून आलेल्या माणसाच्या लेखणींतून हें यावें याचें वाईट वाटतें. या पुस्तकावरील १९३५ च्या चित्रपटांत थोर निग्रो गायक पॉल रोबसन यांनीं काम केलें, आणि पुढें त्यांनीं त्या चित्रपटाचा उघड निषेध केला.

१९२१ नंतर हॉडर अँड स्टाउटन या प्रकाशनसंस्थेनें त्याचीं पुस्तकें जोरानें खपविण्यास प्रारंभ केला. तो लिहीत नसे, सांगत असे. मेणाच्या नळकांड्यांवर त्याचा आवाज उतरे व लेखनिक तो टंकलिखित करी. ‘द डेव्हिल मॅन’ ही सबंध कादंबरी त्यानें सुमारें साठ तासांत सांगितली. एकच कथा तो अनेक रूपांनीं वापरी: ‘द गाँट स्ट्रेंजर’ या कादंबरीवरून १९२६ चें ‘द रिंगर’ नाटक झालें, नाटकावरून पुन्हा कादंबरी आणि मग चित्रपट. पडद्याचें सामर्थ्य त्यानें लवकर ओळखलें होतें. ब्रिटिश लायन या चित्रसंस्थेचा तो अध्यक्ष होता. एवढ्या घाईंत पात्रांचे स्वभाव उथळ राहावयाचेच, आणि ते राहिले आहेत. पण वाचकाला पुढचें पान उलटावयास लावण्याची त्याची हातोटी विरळा होय.

मिळकत अफाट, पण शर्यतीचे घोडे, मेजवान्या व याचक यांत ती विरून जाई. १९३१ सालीं ब्लॅकपूलहून पार्लमेंटच्या निवडणुकींत त्याचा दणदणीत पराभव झाला. कर्ज फेडावें म्हणून त्यानें हॉलिवूड गांठलें. तेथें त्यानें एका प्रचंड वानराच्या कथेचा पहिला मसुदा तयार केला. तोच पुढें जगभर गाजलेला ‘किंग काँग’. मात्र मधुमेहाकडे दुर्लक्ष झालें होतें. त्यांत न्यूमोनिया होऊन १० फेब्रुवारी १९३२ रोजीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, त्याचें बेव्हर्ली हिल्स येथें निधन झालें. चित्रपट १९३३ सालीं झळकला. त्याच्या थोडें आधीं निघालेली त्याच कथेची कादंबरी डेलॉस लव्हलेस या अमेरिकन लेखकानें लिहिली होती. तिच्यावर कल्पक म्हणून वॉलेसचें नांव होतें. त्यांतील कितीसें त्याचें, याविषयीं वाद मात्र राहिला.

मागें एक लाख चाळीस हजार पौंडांच्या घरांत कर्ज होतें. पुस्तकांच्या उत्पन्नांतून दोनएक वर्षांत तें फिटलें. परंतु एके काळीं त्याची लेखनिक असलेली त्याची द्वितीय पत्नी व्हायोलेट तें पाहण्यास उरली नव्हती. १९३३ च्या एप्रिलांतच ती वारली होती.