नजर न वळवणारा माणूस

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. माझे वडील नुकतेच निवृत्त झाले होते आणि एका रविवारी मी त्यांना फिल्म सोसायटीत अकिरा कुरोसावाचा 'रान' दाखवायला नेलं. वडील 'नटसम्राट'चे भक्त. शिरवाडकरांचे गणपतराव बेलवलकर रंगमंचावर बेघर झाले की यांचा रुमाल हमखास बाहेर येई. म्हणून वाटेत मी सांगून ठेवलं, की हाही 'किंग लिअर'चाच अवतार आहे, फक्त जपानी. 'रान' म्हणजे आपलं रान नव्हे; जपानीत त्याचा अर्थ अनागोंदी.

चित्रपट संपला तरी रुमाल खिशातच होता. घरी येताना ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, की या म्हाताऱ्यासाठी आपल्याला रडू का आलं नाही? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते कुरोसावाच्या आयुष्यात आहे, हे पुढे त्याच्याविषयी वाचताना ध्यानात आलं.

कुरोसावा १९१० साली टोकियोत जन्मला. वडील सामुराई परंपरेतले, शिस्तीचे. पण मुलांना आवर्जून सिनेमाला नेणारे. १९२३ साली भूकंप आणि आगीनं टोकियो बेचिराख झालं, तेव्हा अकिरा तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ हेइगो त्याला शहर बघायला घेऊन गेला. चहूकडे प्रेतं होती. धाकट्यानं मान वळवली, की थोरला त्याला पुन्हा बघायला लावी. डोळे मिटले तर भीती वाढते, सरळ बघितलं तर ती उरत नाही, अशी त्याची शिकवण होती. हाच हेइगो पुढे 'बेन्शी' झाला, म्हणजे मूकपटाच्या वेळी पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा. बोलपट आले, बेन्शींची भाकरी गेली आणि १९३३ साली हेइगोनं आत्महत्या केली. चित्रकार व्हायला निघालेला धाकटा भाऊ तीन वर्षांनी सिनेमाच्या धंद्यात शिरला. भावाची शिकवण मात्र त्यानं सोडली नाही.

'राशोमोन'ला १९५१ साली व्हेनिसचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि जगाला त्याचं नाव कळलं. पुढे १९५७ साली त्यानं 'मॅकबेथ' हाती घेतलं. शेक्सपिअरची भाषा त्यानं बाजूला ठेवली आणि 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकाराची संथ, मुखवट्यासारखी शैली घेतली. फुजी पर्वताच्या उतारावर काळ्या मातीत, धुक्यात किल्ला उभा केला. तीन चेटकिणींच्या जागी चरखा फिरवणारी एकच पिशाच्ची आली. शेवटी नायक वाशिझू स्वतःच्याच सैनिकांच्या बाणांनी मरतो. या प्रसंगासाठी तोशिरो मिफुनेवर तिरंदाजांनी खरे बाण सोडले होते. त्याच्या डोळ्यांतली भीती सगळीच अभिनयाची नाही. पण खरा बदल बारीक आहे. ज्या मालकाचा खून करायचा, त्यानंही आपल्या धन्याला मारूनच गादी मिळवली होती, याची आठवण वाशिझूची बायको त्याला करून देते. म्हणजे पाप या जोडप्यापासून सुरू होत नाही. ते आधीपासून त्या किल्ल्यात मुरलेलं आहे.

तीन वर्षांनी आलेला 'द बॅड स्लीप वेल' हा 'हॅम्लेट'चा दूरचा नातलग. इथे राजवाड्याऐवजी टोकियोतली लाचखोर कचेरी आहे. मुलगा बापाला खिडकीतून उडी टाकायला लावणाऱ्या साहेबाचा जावई होतो. लग्नात केक येतो तो कचेरीच्या इमारतीच्या आकाराचा आणि नेमक्या त्या खिडकीत गुलाब खोचलेला! शेवटी मुलगा मरतो आणि साहेब न दिसणाऱ्या वरिष्ठाशी फोनवर अदबीनं बोलत राहतो. शेक्सपिअरच्या नाटकात निदान दुष्ट राजा मरतो. इथे त्याचं काहीच बिघडत नाही.

मग पडता काळ आला. १९६५ नंतर मिफुनेची साथ सुटली. हॉलिवूडच्या एका मोठ्या युद्धपटातून कुरोसावाला दूर केलं गेलं. १९७० चा चित्रपट आपटला. १९७१ साली भावाच्याच वाटेनं जायचा प्रयत्न त्यानं केला, पण वाचला. देशात पैसा मिळेना, तेव्हा सोव्हिएत रशियात जाऊन त्यानं 'देर्सू उझाला' केला. 'रान'साठीही पैसा जुळत नव्हता. तेव्हा हा म्हातारा घरी बसून एकेक दृश्य कागदावर रंगवत राहिला.

१९८५ साली 'रान' आला तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. डोळे अधू झालेले. चित्रीकरण चालू असतानाच पत्नी वारली. इथे लिअरच्या मुलींऐवजी तीन मुलगे आहेत. पण शेक्सपिअर जे सांगत नाही तेच कुरोसावा विचारतो: या राजानं सत्तर वर्षं केलं काय? हिदेतोरानं किल्ले जाळले. थोरल्या सुनेचं माहेर संपवलं, दुसऱ्या सुनेच्या भावाचे डोळे काढले. आता त्याचेच मुलगे त्याचा किल्ला जाळतात, तर त्यात नवल काय? त्या लढाईचा आवाज कुरोसावा बंद करतो. फक्त तोरू ताकेमित्सूचं संगीत. जळत्या किल्ल्यातून हिदेतोरा पायऱ्या उतरतो. खरोखरच पेटलेला किल्ला, दुसऱ्यांदा चित्रण शक्यच नाही. त्याचे डोळे ताठ उघडे असतात. त्यानं आयुष्यभर ज्याकडे पाठ फिरवली, ते आता समोर उभं आहे.

बेलवलकरांवर अन्याय होतो, म्हणून आपण रडतो. हिदेतोरा हिशेब चुकता करतो, म्हणून घसा दाटला तरी अश्रू येत नाहीत. भूकंपात भावानं लावलेली सवय कुरोसावानं राजालाही लावली आणि आपल्यालाही.

कुरोसावा सप्टेंबर १९९८ मध्ये गेला. वडील त्याच्या आधीच गेले होते. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. आणि आणखी एक आठवण. गावच्या घराच्या वाटण्यांवरून धाकट्या काकांशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. दोष काकांचाच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या रविवारनंतर आठवड्याभरात वडिलांनी काकांना पत्र लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या दिवाळीला काका घरी आले, एवढं खरं.